इथे कुणी बसलंय का?

जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाभोवती ज्या लांबलचक आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांच्यापायी माणसं कोणत्या थराला जातात हे मला या वयात कळलं. उजाडायच्या आत यायचं, चार-चार खुर्च्यांवर टॉवेल टाकायचे आणि खाली जाऊन निवांत नाश्ता करायचा. टॉवेलवर पुरावा म्हणून एखादं पुस्तक, चष्म्याचं घर, नाहीतर चप्पल. चप्पलही एकच. जोडीची दुसरी शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे एका जोडात दोन जागा.

मला असल्या लोकांची चीड आहे. माझी सगळी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर गेली. रांग मोडून घुसणाऱ्याला मी कधी पार्सल दिलं नाही, साहेबांच्या मेव्हण्यालासुद्धा नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मी टॉवेलवाल्याला बोलावून भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचून दाखवली. 'खुर्च्या अडवून ठेवू नयेत. अर्धा तास कुणी न दिसल्यास सामान उचलले जाईल.' टॉवेलवाला हा पन्नाशीचा, कायम झोप अपुरी झाल्यासारखा दिसणारा माणूस. टॉवेल द्यायचे, घ्यायचे आणि खुर्च्यांवर नजर ठेवायची हे त्याचं काम. रिकाम्या खुर्चीला तो कपड्यांचा लाल चिमटा लावून जायचा, आणि पुढच्या फेरीला चिमटा तसाच दिसला की सामान टोपलीत. पण लोकांच्या तोंडी कोण लागणार म्हणून तो चिमटे जरा हात राखूनच लावायचा. माझ्या पाटीवाचनानंतर त्याने निमूट चार टॉवेल उचलले. ते एका रुंद टोपीवाल्या बाईचे निघाले. तेव्हापासून ती टोपीवाली माझ्याकडे बघून नाक मुरडायची आणि मी खुशाल मुरडू द्यायची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे माझेच दात माझ्याच घशात गेले.

आमचे हे मोजणी खात्यात होते. भावाभावांत बांधावरून जुंपली की यांनी मध्ये उभं राहून साखळी टाकायची, हद्दीचा दगड रोवायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. हा माणूस कधी रानावनात वाट चुकला नाही. गेली दोन वर्षं मात्र घरातल्या घरात चुकतो. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं गेली. डॉक्टर म्हणाले, जे दाखवायचंय ते लवकर दाखवा. लेकीने लगेच हा प्रवास ठरवून टाकला. म्हणाली, बाबांना कळतंय तोवर समुद्र दाखवून आण. 'आण' म्हणायला काय जातं?

कारण जहाज म्हणजे अशा माणसाची निव्वळ थट्टा असते. प्रत्येक मजल्यावर तोच गालिचा, तेच दिवे, तीच दारं. पहिल्या संध्याकाळी हे भलत्याच केबिनच्या दारात किल्ली खुपसत उभे होते आणि आतून कुणीतरी ओरडत होतं. त्या रात्री मी दाराला खुर्ची लावून झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला लाल पेटी सापडली. तलावाच्या कडेला, सावलीत, आग विझवायचा पाइप ठेवलेली मोठी लाल पेटी होती. तिच्याशेजारी दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर मी घरून आणलेला हिरव्या काठाचा जुना टॉवेल पसरला, कारण जहाजाचे टॉवेल सगळे एकजात निळे. मग लहान मुलाकडून पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं. लाल पेटी, हिरवा काठ, आपली खुर्ची. आणि ते त्यांना राहिलं. दोनदा ते चहाच्या काउंटरपासून एकटे परत आले, टॉवेलवर हात फिरवला आणि शर्यत जिंकल्यासारखे माझ्याकडे बघून हसले. इतरांसाठी ती बसायची जागा असेल. आमच्यासाठी तो पत्ता होता, आणि पत्ता नसलेल्या पार्सलाचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. यांना ते बरोबर कळतं. मग दिवसभर बोलत नाहीत.

त्या सकाळी तर ते छान होते. समुद्राकडे बघून म्हणाले, आज शहाण्यासारखा वागतोय. मग उठले. स्वच्छतागृह पेटीच्या मागेच होतं, दार माझ्या डोळ्यांसमोर. मी नेहमीसारखी उठायला लागले तर कपाळाला आठ्या घातल्या.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? समोर तर आहे. तू जागा धर. आलोच."

आपल्या भाषेत जाणारा माणूस 'आलोच' म्हणतो, आणि ऐकणारा तो आलाच असं धरून चालतो. मीही चालले. पाठीमागून त्यांची मान दिसली, केस वाढलेले दिसले, घरी गेल्यावर कापून आणले पाहिजेत असं मनात आलं. दार लागलं.

मी दारावरची नजर हलवली नाही. लोक आत जात होते, बाहेर येत होते. त्यात हे नव्हते. पोटाचं काही असेल म्हटलं. मग सदऱ्याची बटणं लावत असतील म्हटलं, हल्ली बटणांना फार वेळ लागतो. टॉवेलवाला फेरीला आला, यांच्या खुर्चीशी घुटमळला, मला सॉरी म्हणाला आणि हिरव्या काठाला लाल चिमटा लावून गेला. मी म्हटलं, अहो दादा, बसलंय इथे, आत्ता येतील. तो म्हणाला, मॅडम, सगळे असंच म्हणतात.

तेवढ्यात टोपीवाली आली. बरोबर काठी टेकत तिच्या सासूबाई होत्या, उन्हाने चेहरा लालबुंद झालेला. सावलीत रिकामी अशी हीच एक खुर्ची होती.

"इथे कुणी बसलंय का?" टोपीवालीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तिला मजा घ्यायची होती.

"हो. बसलंय."

"मला तर कुणी दिसत नाही. चिमटाही लागलाय."

मी सांगितलं, आमचे हे इथेच गेलेत. ती म्हणाली की ती केव्हापासून बघतेय, कुणीही आलेलं नाही, आणि परवा पाटी वाचून दाखवणाऱ्या बाईंना नियम पाठ असतीलच. आजूबाजूच्या लोकांनी पुस्तकं खाली केली. सासूबाई एक हात काठीवर आणि दुसरा खुर्चीच्या पाठीवर टेकून धापा टाकत होत्या. एरवी मी माझी खुर्ची उठून दिली असती. पण मी बसले नसेन तर हे परत आल्यावर कुणाला बघणार? मी दोन्ही पाय उचलून सरळ यांच्या खुर्चीवर टाकले. सत्तरीला आलेली बाई, चारचौघांत, एका म्हातारीला जागा मिळू नये म्हणून तंगड्या पसरून बसली होती. लाज वाटली, पण पाय काढले नाहीत.

टॉवेलवाला मध्ये पडला. मी त्याला जवळ बोलावून हळूच म्हटलं, जरा आत जाऊन बघता का, पांढरा सदरा, उंच आहेत, पुढे थोडे वाकलेले. तो गेला आणि लगेच परत आला.

"आत कुणीच नाही, मॅडम. पलीकडच्या दाराने गेले असतील."

"पलीकडच्या म्हणजे?"

"दोन दारं आहेत ना. एक इकडे, एक तिकडे लिफ्टच्या बाजूला."

तीन दिवस मी त्या एका दारावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, आणि त्याला दुसरं दार होतं.

उठून धावावं म्हणून पाय खाली घेतले आणि जागच्या जागी थांबले. मी उठले की म्हातारी बसणार. किंवा टॉवेल टोपलीत जाणार. आणि त्याच वेळी हे आले तर? लाल पेटी दिसेल, हिरवा काठ दिसणार नाही, मी दिसणार नाही. मग ते वळतील आणि पुन्हा कधी इथे येणार नाहीत. बसून राहावं तर ते तिकडे कुठल्या मजल्यावर, कुठल्या कठड्याशी असतील कुणास ठाऊक. कठडा माझ्या कमरेइतका होता. यांच्या तर मांडीपर्यंतच आला असता. मी उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. लोकांना वाटलं असेल, बाईला वेड लागलं. लागलंच होतं.

"आता तरी सोडा ना," टोपीवाली म्हणाली. "येणारा माणूस आला असता एव्हाना."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला.

"त्यांना आठवत नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "त्यांना काही आठवत नाही. केबिन नाही, मजला नाही, काही नाही. फक्त ही खुर्ची आठवते. आणि मी त्यांना हरवलंय."

टोपीवालीने डोक्यावरची टोपी काढली. टोपीखाली ती माझ्या लेकीच्या वयाची निघाली.

"तुम्ही जा शोधायला," ती म्हणाली. "सासूबाई बसतात खुर्चीवर. कुणाची टाप नाही त्यांना उठवायची."

"नको. रिकामीच हवी." तिला कसं समजावावं ते मला कळेना. "तिथे दुसरं कुणी दिसलं तर ते भांडणार नाहीत. दुसऱ्याची जागा म्हणतील आणि निघून जातील. जन्मभर हद्दी सांभाळल्यात त्यांनी."

ती म्हणाली, बरं, रिकामी तर रिकामी. मग तिने सासूबाईंना माझ्या खुर्चीवर टेकवलं आणि स्वतः यांच्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चार-चार खुर्च्या अडवायचा दांडगा अनुभव, तो असा कामी आला. टॉवेलवाल्याने हिरव्या काठाचा चिमटा काढून खिशात टाकला आणि तो यांचं नाव, सदरा, चप्पल असं सगळं विचारून वायरलेसवर बोलायला लागला.

मी धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जितकं जमलं तितकं. पलीकडच्या दारातून लिफ्टपाशी गेले. लिफ्टमध्ये चढले आणि कोणतं बटण दाबायचं ते कळेना, म्हणून सगळी दाबली. प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं, तोच गालिचा दिसत होता, आणि मी अहो, अहो करत डोकं बाहेर काढत होते. कुणी अहो म्हटल्यावर वळून बघायचे, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी हे असायचे. जहाजाच्या मागच्या टोकाला कठडा होता आणि खाली पांढरं पाणी ढवळत मागे चाललं होतं. मी खाली वाकून बघितलं. काय दिसलं असतं म्हणून बघितलं, ते माझं मलाच ठाऊक नाही. तिथून मला पाय उचलवेनात. एका आचाऱ्याने दंडाला धरून मला लिफ्टपर्यंत आणलं.

मी परत आले तेव्हा कर्ण्यांमधून यांचं नाव पुकारत होते. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्यांनी तलावाजवळच्या लाल पेटीपाशी यावं. दोनदा पुकारलं, तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही.

आणि मला कळलं की कुणी येणारही नाही. ते नाव पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. आता ते ऐकलं तर हे भोवताली बघतात, कोण तो माणूस म्हणून. त्यांना ते नाव घेऊन हाक मारणारे सगळे कधीच गेले, आणि मी तर ते चव्वेचाळीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

तलावाच्या कडेला खेळ घेणारी मुलगी माइक धरून उभी होती. पाण्यात चेंडू टाकायचा कसलासा खेळ चालला होता. मी तिच्या हातातून माइक घेतला. मागितला नाही, घेतला. ती बिचारी काही म्हणणार, तोच टॉवेलवाल्याने तिला खुणेने गप्प केलं आणि कुठलंसं बटण फिरवलं. पुढे माझा आवाज साऱ्या जहाजात घुमला.

"अहो, ऐकलंत का?"

तलावात कुणीतरी हसलं.

"अहो, या ना. जागा धरलीये. लाल पेटीपाशी, हिरवा टॉवेल. तुमची जागा कुणाला दिली नाही मी. या लवकर."

माइक परत दिला आणि माझ्या खुर्चीकडे आले. टोपीवालीने सासूबाईंना उठवलं आणि बाजूला नेलं. मी बसले, रोज बसते तशी, पाय सरळ, पदर खांद्यावर, म्हणजे त्यांना दिसलेच तर रोजच्यासारखी दिसावी. शेजारी रिकामी खुर्ची. सगळे लोक दुसरीकडे बघायचं नाटक करत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

आणि मग खाण्याच्या हॉलच्या दारातून ते बाहेर आले.

दोन्ही हातांत चहाचे कागदी कप होते. सदऱ्यावर चहा सांडला होता, बोटं भाजून लाल झाली होती, पण कप सोडले नव्हते. ते सावकाश, नजरेने अंतर मोजत, तलावाला वळसा घालून येत होते. पेटीपाशी थांबले. पेटी बघितली. हिरवा काठ बघितला. मला रडू कोसळत होतं आणि मी ते दाबून धरलं होतं, कारण रडणारी बाई बघितली की ते बावरतात. आता हसतील, म्हणतील, आलो बघ.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अदबीने मान लववली.

"अहो, इथे कुणी बसलंय का?"

आयुष्यभर मी त्यांना अहो म्हणत आले. त्यांनी मला अगं म्हटलं, रागावले तर बाईसाहेब म्हटलं, परक्यांसमोर 'आमची मंडळी' म्हटलं, जशी काही मी एकटी नसून घोळकाच आहे. अहो त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

सकाळपासून त्या प्रश्नाला मी एकच उत्तर देत होते. ते उत्तर आता चालणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच आहे. बसा."

"आत्ता कुणीतरी हाक मारली. बाई कुणीतरी. आवाज ओळखीचा वाटला." ते बसले. एक कप खाली ठेवला, टॉवेलची कड खुर्चीच्या कडेशी जुळवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. मग माझ्या खुर्चीकडे बघून जरा अवघडले. मला ते अवघडणं माहीत आहे. बांधावरच्या भांडणात कुणाला तरी मागे सरा म्हणून सांगायची वेळ आली की ते असेच दिसायचे.

"तुम्हाला उठवायला बरं वाटत नाही," ते म्हणाले. "पण ही जागा आमच्या मंडळींची आहे. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो होतो. आता येतीलच."

टोपीवालीने तोंडावर टोपी धरली. टॉवेलवाला एक पाऊल पुढे आला, मी त्याला हातानेच थांबवलं. काय सांगणार होता तो? पाटी वाचून दाखवणार होता?

मी उठले. त्यांनी माझे आभार मानले, आणि मी बाजूला होताच उरलेला कप माझ्या खुर्चीच्या बरोबर मध्यावर ठेवला.

थोड्या वेळाने एक गृहस्थ ओले केस पुसत आले आणि कपाकडे बघून विचारलं, इथे कुणी बसलंय का. मी पेटीला टेकून उभी होते, हाताच्या अंतरावर.

"हो, बसलंय," हे म्हणाले, ठाम आवाजात, आणि कप सांडू नये म्हणून त्याला हात लावून बसून राहिले.